मेसनच्या दारात बोलावणं नसतं

तांडेल आमच्या दारात आला नाही, ते वर्ष मला नीट आठवतं. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. माझे वडील धाकट्या डहाणूत दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी तांडेल खलाशाच्या घरी यायचा, पाटावर नारळ ठेवायचा आणि म्हणायचा, "यंदा आमच्याच बोटीवर हां." नारळ ठेवला की जागा पक्की. आपण होऊन तांडेलाकडे जायचं आणि "मला घ्या" म्हणायचं, हे आमच्या घरात बसत नव्हतं. बाबांचं एक वाक्य ठरलेलं: "मागून मिळालेल्या जागेवर माणूस वाकून बसतो."

त्या वर्षी तांडेलाने आपल्या दोन भाच्यांना बोटीवर घेतलं आणि आमच्याकडे तो फिरकलाच नाही. बाबा रोज सकाळी केसांना तेल लावून ओट्यावर बसायचे. आई आतून म्हणायची, "अहो, एकदा जाऊन विचारा तरी. तोंड झिजत नाही काय."

"येईल बोलावणं."

बोटी गेल्या. बोलावणं आलं नाही. तो सगळा हंगाम बाबांनी लोकांची जाळी शिवली, तीही कुणी घरी आणून टाकली तर. आई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन तलासरीच्या आठवडी बाजाराला जाऊ लागली. पहाटेची एसटी चुकली तर टेम्पोत उभी राहून जायची. घरी पेज आणि भाजलेला एखादा बोंबील, हेच जेवण. पाटीला दुसरा हात हवा म्हणून माझ्या मोठ्या बहिणीची शाळा सुटली, ती सुटलीच. माझी सुटली नाही याचं कारण एवढंच की मी मुलगा होतो आणि मास्तर घरी येऊन बाबांशी भांडले. पुढे कॉलेजचा फॉर्मसुद्धा त्याच मास्तरांनी समोर बसवून भरून घेतला.

२०१४ साली मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात माझ्या आधी दहावीपर्यंतसुद्धा कुणी पोचलं नव्हतं. हे मी कुठेही मोठ्या आवाजात सांगतो. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे. मिरवण्यासारखंच आहे ते.

नोकरी तलासरीच्या बाजूला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागली. कंपनीची माणसं स्वतः कॉलेजात आली होती म्हणून लागली, नाहीतर मीही ओट्यावरच बसलो असतो. तिथे मशीन बिघडलं की सीमेपलीकडून, गुजरातमधून, एक वयस्कर इंजिनिअर यायचे. मॅनेजर त्यांना केबिनमध्ये जेवायला बोलवायचा. ते म्हणायचे, "इथे वारा चांगला आहे," आणि हेल्परांच्या ओळीत डबा उघडायचे. त्यांच्या बोटात एक अंगठी होती. तिच्यावर गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेले. मला वाटलं, हा माणूस इंजिनिअर, अंगठी गवंड्याची, हे काय आहे? विचारलं का? नाही. आम्ही विचारणाऱ्यांतले नव्हतोच. घरी येताना एसटीत मोबाइलवर शोधलं.

तेव्हा पहिल्यांदा 'फ्रीमेसन' हा शब्द मी वाचला.

त्यानंतर मोबाइलवर जे काही आलं, त्याने डोकं फिरायची वेळ आली. हे लोक जग चालवतात, हे लोक सैतानाला पुजतात, डॉलरच्या नोटेवर यांचा डोळा छापलेला आहे. आशागडचा माझा एक मित्र माझ्याच खात्यात होता, रोज त्याच्या बाइकवरून आम्ही जायचो. त्याने हे ऐकलं आणि त्याला करमणूक मिळाली.

"काय शेठ, आज कुणाचा बळी?"

"गाडी चालव नीट."

"नाही, बोकड लागला तर सांग. मामाकडे आहे एक. फक्त लंगडतो."

थोड्याच दिवसांत एक माणूस मला मोबाइलवर मेसेज करू लागला. आमच्या बंधुसंघात या, बंगला मिळेल, गाडी मिळेल, आधी थोडी फी पाठवा. इंग्रजी असं की माझ्यापेक्षा कच्चं. मी फी पाठवली नाही, पण मन खट्टू झालं. म्हटलं, सगळाच बाजार दिसतोय.

तेव्हा नेटवर एक गट सापडला. भारतातले मेसन, काही परदेशातले, आणि माझ्यासारखे बाहेरून बघणारे. तिथे आरडाओरड नव्हती. कुणी प्रश्न विचारला तर कुणीतरी सरळ उत्तर द्यायचं, आणि सांगण्यासारखं नसेल तर "हे सांगता येणार नाही" असंही सरळ सांगायचं. मला हा दुसरा भाग फार आवडला. मी त्या मेसेजवाल्याबद्दल तिथे लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. खाली मराठीतून उत्तर आलं: "बोलावणारा भेटला की समजायचं, तो फसवा आहे. तुझं गाव कोणतं?"

ते काका घाटावरच्या एका शहरात राहायचे. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, जुने मेसन. मी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, सर नको, आमच्यात सगळे भाऊ. आता सत्तरीच्या माणसाला मी भाऊ कसा म्हणणार? मी काका म्हणू लागलो. त्यांनी दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

काकांनी मला शिकवलं, असं मी म्हणतो. ते म्हणतात, तू वाचलंस, मी फक्त विचारत गेलो. रविवारी दुपारी फोन करायचे. घरात रेंज नसायची म्हणून मी खाडीच्या बांधावर जाऊन बसायचो, मागे बोटींची डागडुजी चाललेली. काका विचारायचे, या आठवड्यात काय वाचलंस? मी सांगायचो की युरोपात दगडी चर्च बांधणाऱ्या कारागिरांच्या जुन्या संघटना होत्या, त्यांची हत्यारं पुढे खूण म्हणून राहिली. ते म्हणायचे, "हे पुस्तकातलं झालं. गुण्या कशाला लागतो?"

"काटकोन बघायला."

"भिंतीचा. आणि माणसाचा?"

असं. ओळंबा कशाला, लेव्हल कशाला. लेव्हलचं मला पटकन कळलं. बुडबुडा मधे आला की दोन्ही टोकं सारखी. काका म्हणाले, लॉजमध्ये म्हणजे मेसनांच्या सभेत एकदा आत गेलं की न्यायाधीश आणि कारकून याच मापाने बसतात. हिंदू, मुसलमान, पारशी, शीख, ख्रिश्चन, सगळ्यांचे ग्रंथ एकाच टेबलावर उघडे असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. देव मानला पाहिजे, कोणता ते कुणी विचारत नाही. तिथे धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी.

मला आत काय गुपित आहे याचं फारसं कुतूहल नव्हतं. मला ती लेव्हल हवी होती. अशी एक खोली हवी होती की जिच्यात मी शिरलो आणि कुणी "तू कुणाचा?" असं विचारलं नाही. तिथे जायचंच, हे मी बांधावर बसून ठरवलं. आणि ठरवून काय केलं? वाट बघत बसलो.

माझा हिशेब सरळ होता. फसवे लोक कुणालाही बोलावतात. खरे लोक माणूस पारखतात आणि मग दारात येतात, तांडेल यायचा तसे. काका मला पारखतायत. म्हणून मी वाचत राहिलो. नेट स्वस्त झालं तसं आणखी वाचत राहिलो. इंग्रजी सुधारलं. गटात नवीन येणाऱ्यांना मी उत्तरं देऊ लागलो, लोक माझं नाव घेऊन म्हणू लागले, याला विचारा. काका मधूनच म्हणायचे, "मग? पुढे काय विचार?" मी म्हणायचो, "तुम्ही सांगाल तसं." ते "बरं" म्हणून फोन ठेवायचे.

माझ्यानंतर गटात आलेला एक मुलगा, ज्याला मीच सुरुवातीची पुस्तकं सांगितली होती, त्याने एक दिवस फोटो टाकला. सूट, हातमोजे आणि कमरेला पांढरं एप्रन. आज मेसन झालो. मी खाली अभिनंदन लिहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आई म्हणाली, "कंपनीत काही झालं काय?"

"नाही."

"मग भाताशी कशाला भांडतोस?"

मला वाटलं, सरळ आहे. गावाचं नाव विचारलं होतं ना पहिल्याच दिवशी. धाकटी डहाणू, खलाशाचा पोर. लेव्हल वगैरे बोलायच्या गोष्टी. २०१८च्या एका रविवारी मी काकांना लिहिलं, तुमचे उपकार आहेत, पण आता मी थांबतो, आमच्यासारख्यांना तिथून बोलावणं येणार नाही हे मला कळलं.

बांधावर उभा होतो तोच फोन वाजला. काका इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडून बोलत होते.

"कोण बोलावणार होतं तुला?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्ही नाही तर लॉजवाले. कुणीतरी येईल ना."

पलीकडून हसू ऐकू आलं, खोकल्यापर्यंत गेलेलं.

"अरे बाबा, आम्ही कुणालाच बोलावत नाही! तुला नाही, मंत्र्याला नाही, माझ्या सख्ख्या मुलालाही मी कधी म्हटलेलं नाही. माणसाने आपल्या पायांनी दारात यायचं आणि मागायचं. हीच पहिली अट आहे. मी इतकी वर्षं थांबलोय, हा पोरगा विचारत का नाही म्हणून."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तेच बोलावणं झालं असतं! पहिल्या दिवशी लिहिलं होतं मी, बोलावणारा तो फसवा."

"मला वाटलं, घाईने बोलावणारा."

काका पुन्हा हसले. मग एकदम शांत आवाजात म्हणाले, "मी फोन ठेवत नाही. तुझा वेळ घे."

आता तुम्हाला हे सोपं वाटेल. दोन-चार शब्दांचं काम. पण समोर बाबा एका होडीच्या सावलीत जाळं घेऊन बसलेले मला दिसत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. खाडीकडे तोंड करून म्हटलं, "काका, मला मेसन व्हायचंय. मला घ्याल का?"

"मी घेणारा कोण? पण आता अर्ज करता येईल," काका म्हणाले.

एकदा तोंड उघडलं की मग थांबत नाही. पुढच्या वेळी अंगठीवाले इंजिनिअर कंपनीत आले तेव्हा मी माझा डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि सरळ विचारलं. त्यांनी चपातीचा घास तसाच हातात धरला.

"इतकी वर्षं तू या अंगठीकडे बघतोस. मला वाटलं, तुला सोनं आवडतं."

तेच माझ्या अर्जाचे सूचक झाले. अनुमोदनासाठी काकांनी दुसऱ्या एका बंधूशी गाठ घालून दिली. त्या दोघांचं लॉज गुजरातमधल्या एका शहरात, तलासरीहून फार लांब नाही. अर्ज गेला. आता दोन गोष्टी उरल्या होत्या. लॉजची माणसं घरी येऊन घरच्यांशी बोलणार, आणि मग आत गुप्त मतदान. पांढरे गोळे आणि काळे गोळे. काळ्या गोळ्याने सगळं संपतं. शिवाय घरच्यांची मनापासून संमती नसेल तर अर्ज मतदानापर्यंत जातच नाही.

घरी सांगितलं. आईने एकच विचारलं, "देव बदलणार?" मी नाही म्हटलं. बाबांनी एकच विचारलं, "मागायला गेलास?"

"हो."

ते उठून बाहेर गेले. नंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मित्राने बाइकवर सल्ला दिला, "त्यांना हॉटेलात भेटव. डहाणूत एसी आहे, बाबांना आजारी सांग." खरं सांगतो, मोह झाला. बोंबलाचा हंगाम होता. आमच्या अंगणात, शेजाऱ्यांच्या अंगणात, बांबूंच्या मांडवावर दोऱ्याच दोऱ्या बोंबील वाळत होते. बाबांना माझ्या मनातलं कळलं असावं. न बघताच म्हणाले, "माझं घर इथं आहे. येणारा इथं येईल."

ते आले. इंजिनिअर आणि त्यांच्याबरोबर दोघे. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत आले, डोक्यावर टांगलेले बोंबील चुकवत. त्यांतले एक जण पक्के शाकाहारी, नाकाला रुमाल लावायचा की नाही या पेचात. बसल्यावर ते हळूच शेजाऱ्याला गुजरातीत म्हणाले, वास फार आहे.

आई चहा घेऊन येत होती. तिचं अर्धं आयुष्य गुजराती गिऱ्हाइकांशी भाव करण्यात गेलेलं. ती तिथूनच म्हणाली, "पवन फरशे एटले जती रहेशे." वारा फिरला की जाईल.

ते गृहस्थ असे काही लाजले की त्यांनी रुमाल पार आतल्या खिशात घातला आणि चहा दोनदा मागून घेतला. त्यानंतर कोण कुणाची चौकशी करतंय ते कळेना. आईने त्यांना धारेवर धरलं.

"हा तिथं येऊन काय करणार? चहा देणार? खुर्च्या लावणार?"

"सुरुवातीला सगळेच थोडं काम करतात, बहेन," इंजिनिअर म्हणाले. "मी पण केलं. आमचे एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी पण खुर्च्या लावल्या."

"डॉक्टरने लावल्या तर हा पण लावील. पण ह्याने एकट्याने लावल्या तर मी परत घेऊन येईन ह्याला, सांगून ठेवते."

"बायकांना का घेत नाही?" बहीण दारातून म्हणाली. ती माहेरी आली होती. इंजिनिअर म्हणाले, "आमच्यात तसा नियम आहे. चांगला आहे असं मी म्हणत नाही." बहिणीने मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. मलाही अजून पटलेलं नाही.

मग इंजिनिअर बाबांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "दादा, तुमची परवानगी आहे?"

बाबा म्हणाले, "ह्याने तुमच्याकडे मागितलं."

"हो."

"मागितल्यावर तुम्ही ह्याला कमी समजलात?"

"दादा, मी पण मागितलं होतं. हे दोघे बसलेत, त्यांनी पण मागितलं. आमच्यात न मागता आलेला एक पण माणूस नाही."

"एक पण नाही?"

"एक पण नाही."

बाबांनी त्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मी आत माठाजवळ उभा होतो, पाणी पिण्याचं नाटक करत. मग ते म्हणाले, "सगळ्यांनीच मागितलेलं असेल तर वाकणार कोण कुणापुढे." आणि आईला हाक मारली, "पाहुण्यांना चिकू दे गो, चहाने पोट भरत नाही."

हीच परवानगी. बाबांनी स्वतः त्यानंतरही कधी कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं नाही. त्यांचं त्यांच्यापाशी. पण त्या संध्याकाळी ते माझ्याशी पहिल्यासारखे बोलले, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पाहुण्यांना सोडायला माझ्या बरोबरीने चालत गेले.

मतदान २०१९च्या सुरुवातीला झालं. मी स्टोअरमध्ये माल मोजत होतो. इंजिनिअरांचा फोन आला. "सगळे पांढरे," एवढंच म्हणाले. मी मोजणी तिथेच सोडली. मित्राला सांगितलं तर त्याने मला सगळ्या खात्यासमोर उचललं आणि ओरडला, "बोकड वाचला रे!"

प्रवेशविधीच्या दिवशी लॉजमध्ये जायला मी सूट शिवून घेतला होता, आयुष्यातला पहिला. आत काय झालं ते सांगायचं नाही, आणि मी सांगणारही नाही. पण हे सांगायला हरकत नाही की टेबलावर पाच-सहा ग्रंथ उघडे होते आणि त्यांतल्या गीतेवर माझा हात होता. घाटावरून काका एवढा प्रवास करून आले होते. आम्ही प्रत्यक्षात पहिल्यांदाच भेटत होतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरेच ठेंगणे निघाले. एप्रन माझ्या कमरेला बांधलेलं बघून ते जवळ आले आणि म्हणाले, "आता तरी भाऊ म्हण."

म्हटलं. पहिल्यांदा जरा अडखळलो, पण म्हटलं.

नंतर जेवण झालं. माझ्या एका बाजूला ते डॉक्टर, दुसऱ्या बाजूला रुमालवाले शाकाहारी बंधू. त्यांनी मला विचारलं, आई कशी आहे, वारा फिरला का? मी सांगितलं, फिरला. मग सगळी पंगत उभी राहिली. त्या दिवसाच्या सर्वांत नव्या माणसासाठी उभं राहायचं, अशी तिथली पद्धत आहे. डॉक्टर उभे, वकील उभे, कारखानदार उभे, आणि बसलेला एकटा मी.

घरी पोचलो तेव्हा सगळे जागेच होते. आईने एप्रन हातात घेऊन शिवण तपासली आणि बरी आहे म्हणाली. बाबांनी विचारलं, "कुठं बसवलं?"

"मधे," मी म्हटलं.

२०१९ साली मी फ्रीमेसन झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या गावातला पहिला मेसनही मीच.